एकशे पंचेचाळिसावा हंडा

१

हंडा एक जास्त निघाला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

घरं बारा, घरटी हंडे बारा, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. चारुताच्या वहीत मात्र एकशे पंचेचाळीस रेघा होत्या. चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, असे बरोबर एकोणतीस गठ्ठे.

"मॅडम, पुन्हा मोजा," मुकुंदराव म्हणाले. ते सोसायटीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दर बेरजेशी त्यांचं अजून वैर होतं.

"तीनदा मोजले, काका. एकशे पंचेचाळीसच आहेत."

२०१६ चा मे महिना होता. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. बीड बायपासच्या पलीकडे शेतांचे प्लॉट पडत होते, प्लॉटांवर तीन-तीन मजले चढत होते, पण महापालिकेचा नळ तिथवर पोचला नव्हता. स्वाती संकुलाची बोअर फेब्रुवारीतच खडखडली. तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टँकर यायचा. फाटक अरुंद, म्हणून तो रस्त्यावरच उभा राही. आधी प्यायचं पाणी हंड्यांनी भरायचं, उरलेलं हौदात सोडायचं. पाइप धरायचा वॉचमन फकिराने. मोजायचं चारुताने.

मोजणी तिच्याकडे आली, कारण ती कोणाचीच नव्हती. तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहणारी भाडेकरू. जीवशास्त्रात एमएससी. एका संशोधन प्रकल्पात काम करायची. पडद्यावर ठिपके सरकतात, समोर बसलेल्याने फक्त लाल ठिपके मोजायचे, आणि तेवढ्या वेळात बाकीचं काय काय त्याच्या नजरेतून निसटतं त्याची नोंद ती घ्यायची. सोसायटीत तिला सगळे 'मॅडम' म्हणत. नाव विचारायची वेळ कोणावर आली नव्हती.

"फकिरा, तू तुझे दोन घेतोस ते वेगळे. तिसरा कुठाय?" मुकुंदरावांनी मोर्चा वळवला.

"आईची आन, सायेब. ह्ये बघा, दोनच हायेत." फकिराने जिन्याखालच्या आपल्या खोलीचं दार सताड उघडलं. "लासूर ठेसनापासून इथवर आलो त्ये काय हंडा चोराया?"

"माझा सांडला तो दोनदा धरला असेल हिने," मुकुंदरावांच्या पत्नी पद्मजाकाकू म्हणाल्या.

"नाही, काकू. सांडलेला भरून द्यायचा नाही असंच ठरलं ना? तुम्ही अकराच वर नेलेत."

"हो, नेले बाई अकरा. सगळ्यांसमोर भांडून नेले."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून प्रेरणाचा आवाज आला. हंड्याचा विषय तिथेच तुटला.

"आई घरात नाहीत! खाली आल्यात का हो कोणाकडं?"

२

द्वारकाबाई प्रेरणाच्या सासूबाई. वय सत्तरीच्या पुढे. फुलंब्रीजवळच्या खेड्यातून मुलगा साहेबराव त्यांना दोन वर्षांपूर्वी इथे घेऊन आला. हल्ली त्या विसरायच्या. गॅस विसरायच्या, वार विसरायच्या, कधी कधी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायच्या. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या, आणि खालून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायच्या.

साडेसहाला टँकर आला तेव्हा त्या घरात होत्या. आठ वाजता नव्हत्या.

सोसायटीला फाटक एकच. रात्रभर कुलूप, किल्ली फकिराच्या करदोड्याला. टँकर आल्यावरच त्याने ते उघडलं. मागची भिंत दीड पुरुष उंच, वर काचा रोवलेल्या. म्हणजे गेल्या असतील तर फाटकातूनच, आणि फाटकासमोर तर दीड तास अख्खी इमारत उभी होती.

"कोणी पाहिलं?" मुकुंदरावांनी विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. मग सगळ्यांनी चारुताकडे बघितलं.

"मी फाटकाच्या तोंडाशीच बसले होते. पहिल्या हंड्यापासून शेवटच्यापर्यंत उठले नाही," ती म्हणाली. "द्वारकाबाई बाहेर गेलेल्या नाहीत."

पुढे हे वाक्य तिला पुष्कळ दिवस ऐकू येत राहिलं. पोलीस चौकीतून आलेल्या हवालदारानेही तेच लिहून घेतलं. मॅडम शिकलेल्या, त्यांच्याजवळ वही. बाई बाहेर गेल्याच नाहीत म्हटल्यावर बाहेर शोधायचं कशाला? बारा घरं पाहिली. गच्ची पाहिली. गच्चीवरच्या कोरड्या टाकीत उतरून पाहिलं. साडेनऊ वाजले, ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

शेवटी फकिरा हलकेच म्हणाला, "हौद ऱ्हायला."

टँकरचं उरलेलं पाणी नुकतंच हौदात सोडलं होतं. लोखंडी झाकण दोघांनी मिळून सरकवलं. चारुताने गुडघे टेकून मोबाइलचा उजेड आत टाकला. काळं पाणी हलत होतं, आणि त्यावर काहीतरी कापडी पसरून तरंगत होतं.

प्रेरणाने डोळे मिटून घेतले.

३

फकिराने काठीने ते ओढून घेतलं. पाइपच्या तोंडाला बांधायचं फडकं होतं.

प्रेरणा मटकन खाली बसली. कोणीही तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण तोवर कुजबूज सुरू झाली होती. पद्मजाकाकूंनी चारुताला जिन्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"सकाळी ऐकलंस ना? सहा वाजता कसली ओरडली सासूवर! 'जा एकदाच्या कुठं जायचं तिकडं!' भिंतीला भिंत लागून आहे, सगळं कळतं."

"म्हणून काय काकू, तिने काही केलं असेल?"

"मी कुठं म्हटलं? मी आपलं ऐकलं ते सांगितलं."

दहाच्या सुमाराला वाळूजच्या कारखान्यातून साहेबराव आला, तो अंगावरच्या गणवेशानिशीच. त्याने कोणाला काही विचारलं नाही. सरळ फकिराची कॉलर धरली.

"किल्ली तुझ्याकडं. माझी माय बाहेर गेली नाय म्हंतात, आत सापडंना. मग हवेत इरली का?"

"साहेबराव, म्या न्हाई बघितलं. लेकराची शप्पत."

"तुला बघायलाच ठिवलंय ना हितं? मग नाय बघितलं म्हंतोस कसं?"

चारुता मध्ये पडली. हात सुटला, पण प्रश्न तिच्याच अंगाला चिकटला. बघायला ठेवलेला माणूस बघत नाही, हे तर ती रोज प्रयोगशाळेत बघत होती. लाल ठिपके मोजणाऱ्यांसमोरून तिने पिवळा चौकोन सरकवला होता, मोठा, पडद्याच्या मध्यावरून, सावकाश. निम्म्यांना तो दिसला नव्हता. डोळे नेमके त्यावर असतानाही दिसला नव्हता. त्यांना तेच चित्र पुन्हा दाखवलं की ते भांडायचे, तुम्ही बदललंत म्हणायचे.

त्या निम्म्यांत आपण बसत नाही, असं मात्र तिने कधीपासून धरलं होतं?

ती खोलीत आली. हौदात वाकताना भिजलेली ओढणी कपाटाच्या दाराला वाळत होती. तिने वही उघडली. घरं खोटं बोलत नसतील आणि तिच्या रेघाही खऱ्या असतील, तर एक भांडं पाइपखाली आलं होतं, भरलं होतं, आणि बारापैकी कोणत्याही घरात गेलं नव्हतं.

मग ते फाटकाच्या कोणत्या बाजूला गेलं?

४

ती पुन्हा बाहेर आली तेव्हा तिने द्वारकाबाईंबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना एकच विचारलं. "सकाळी माझ्या ओढणीचा रंग कोणता होता?"

"हे काय विचारणं झालं?" मुकुंदराव भडकले. "इथं एक बाई नाहीशी झालीय."

"सांगा ना, काका. दीड तास माझ्यासमोर होतात तुम्ही."

"पांढरी. पांढरीच असते तुमची."

पद्मजाकाकू म्हणाल्या, "ओढणी होती का? नव्हती बहुतेक." तिसऱ्या मजल्यावरचे दोघे गुलाबीवर एकमत झाले. प्रेरणाने नुसती मान हलवली. टँकरवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, मैं तो केबिन में सोया था. वो डेढ घंटाच तो मिलता मेरेकू." सकाळी ज्याला काहीच मोजायचं नव्हतं, तो एकटा माणूस झोपलेला होता.

राहिला फकिरा. तो जिन्याखाली गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बायकोने ठेवलेला चहा तसाच गार झाला होता.

"फकिरादादा, माझी ओढणी?"

"खोटं न्हाई बोलत मॅडम, तुमच्याकडं बघितलंच न्हाई. थेंब सांडला तर अध्यक्ष सायेब आरडत्यात. माझी नदर सारी हंड्याच्या काठावर."

"मग हंडे आठवतात?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "हंडे? एकूण एक सांगतो. मुकुंदसायबांचे स्टीलचे, बुडाला पोचे. प्रेरणाताईचे निळे प्लास्टिकचे, एकाची कड उसवलेली. वरच्या मास्तराचा ॲल्युमिनचा, त्येचं तोंड वाकडं, पानी उडतं..." तो बोटं मोडत गेला. चारुता लिहीत गेली. शेवटी तो अडखळला. "आन एक पितळंची कळशी. गळ्याला चिंधी गुंडाळल्याली."

"कोणाची?"

"त्ये न्हाई ठावं. काकूचा हंडा सांडला, सारी कालवा करू लागली, तवा कुनीतरी पुढं सरकवली. म्या भरली. भरताना पितळ निराळंच बोलतं, म्हून ध्यानात ऱ्हायलं."

"कळशी? हंडा नाही?"

"व्हय की. ल्हानी. निम्मं पानी मावंल."

चारुताची पेन्सिल थांबली. सोसायटीत मोजणी नगावर होती, मापावर नव्हती. एका भांड्याला एक रेघ. म्हणून मार्चपासून प्रत्येक घराने बाजारातला मोठ्यात मोठा हंडा आणला होता. काही घरांचे तर दोघांना मिळून उचलावे लागत. अशा रांगेत कळशी कोण आणेल?

ज्याला हा नियम माहीत नाही तो. नाहीतर ज्याला ते पाणी जिना चढून न्यायचं नाही, लांब न्यायचं आहे, एकट्याने, कमरेवर.

"दादा, कळशी धरलेले हात आठवतात?"

फकिराने पाइप धरल्यासारखा हात पुढे केला. मग त्याचा चेहरा उतरला.

"हिरव्या बांगड्या व्हत्या," तो म्हणाला. "हातावर गोंदल्यालं. म्हातारा हात व्हता, मॅडम."

५

"तुमच्याकडे पितळी कळशी आहे?" दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आतच चारुताने विचारलं.

प्रेरणा स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. "आईंच्या माहेरची होती. माळ्यावर ठेवलेली. नाहीये."

"म्हणजे त्या फाटकातूनच गेल्यात. माझ्या पुढून. मी त्यांची कळशी मोजली."

"मोजली? आणि आई?"

"त्या दिसल्या नाहीत मला."

प्रेरणा तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. "मलापण नाही दिसल्या," ती म्हणाली. "बारा खेपा केल्या मी. जिन्यात कुठंतरी पुढ्यात आल्या असतील. मी पायरी बघत होते."

फकिरा दाराशी उभा होता. "असं कसं हुतं मॅडम? डोळे तर उघडे व्हते."

"डोळे सगळं आत पाठवतात, दादा. पण मेंदू सगळ्याला आत घेत नाही. जे काम चाललंय, त्याच्या उपयोगाचं तेवढं पुढे सोडतो. बाकीचं तिथंच परत."

"फाटकावानी," फकिरा म्हणाला. "येत्यात लई. नाव ठावं असंल त्यालाच सोडतो आपन."

"कुठं गेल्या असतील?" साहेबरावाचा आवाज आता पार बसला होता. "गावाकडं तर नाय निघाली? फुलंब्रीची गाडी कुठं थांबती तेबी ठावं नाय तिला."

चारुता गॅलरीत आली. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून नव्हती. कोपऱ्यात तिरकी लावली होती, मागच्या उघड्या प्लॉटांकडे. तिथे अर्धा किलोमीटरवर एक अर्धवट इमारत उभी होती, आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याची चार-पाच खोपटं. बांधकामावरच्या मजुरांची.

रोज संध्याकाळी ती कामावरून यायची तेव्हा याच खुर्चीतून हाक यायची. कानात इयरफोन असायचे. ती वर बघून हसायची, मान डोलवायची, कुलूप काढायची. दोन वर्षांत द्वारकाबाई तिच्याशी किती बोलल्या असतील? आणि त्यातलं तिला आठवत काय होतं?

तिने खुर्चीत बसून डोळे मिटले. गाणी ऐकत असताना बाजूचं बोलणं कळत नाही, तरी कधीकधी एक गोष्ट आत शिरते. स्वतःचं नाव. नाव आलं की दार क्षणभर किलकिलं होतं, आणि नावाच्या मागचे दोन-चार शब्दही घुसतात. या इमारतीत तिला नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं.

चारू, जेवलीस का गं. चारू, वाळली की गं तू. चारू, तुझी माय फोन करती का न्हाई.

चारू, येतीस का माझ्यासंगं आवडीकडं.

तिने डोळे उघडले. "आवडी कोण?"

प्रेरणा आणि साहेबराव यांनी एकमेकांकडे बघितलं. प्रेरणानेच सांगितलं. "आवडाबाई. आईंच्या गावची. तिकडं विहिरी आटल्या म्हणून इकडं बिगारी कामावर आली होती, त्या खोपटांत. मार्चमध्ये पाणी मागायला फाटकावर आली होती. बाहेरच्यांना पाणी द्यायचं नाही असं सोसायटीचं ठरलं ना, परत पाठवलं. तेव्हापासून आईंनी धोशा लावला, तिला पाणी नेऊन देते म्हणून. आज सकाळी त्याच्यावरूनच..." तिने खोपटांकडे बघितलं. "मी म्हटलं, जा एकदाच्या."

"म्याच माघारी लावली व्हती तिला," फकिरा म्हणाला. "हुकूम व्हता."

घड्याळात पावणेबारा झाले होते. बाहेर बेचाळीस अंश. कळशी भरून चार तास उलटले होते.

"नेसल्या काय होत्या?"

"हिरवं लुगडं," प्रेरणा लगेच म्हणाली.

६

खोपटं रिकामी होती.

चुली होत्या, राख होती, दोरीवर एक फाटका टॉवेल होता. माणूस एकही नव्हता. मजूर आठवड्यापूर्वीच दुसऱ्या कामावर गेले होते. पाण्यावाचून इथलं काँक्रीटच थांबलं होतं.

साहेबराव ओरडत पुढे धावला. "माय! ए माय!" भिंतींनी आवाज परत केला. फकिरा नाल्याच्या बाजूने गेला. चारुता अर्धवट इमारतीत शिरली. खालचा मजला, वरचा मजला, पुन्हा खाली. प्रत्येक खांबामागे ती हिरवा रंग शोधत होती. एका जागी हिरवं दिसलं म्हणून धावली, तर सिमेंटचं रिकामं पोतं. सावलीत विटांच्या थप्प्या होत्या, वाळूचा ढीग होता, गंजलेल्या सळया होत्या. हिरवं काहीच नव्हतं.

ती तिथेच थबकली.

प्रेरणाने हिरवं म्हटलं होतं, आणि लगेच म्हटलं होतं. रोज जे नेसतात ते माणूस लगेच सांगतं. मुकुंदरावांनी नाही का पांढरी सांगितली? पण आज द्वारकाबाई रोजच्यासारख्या गॅलरीत बसणार नव्हत्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्या कोणाकडे तरी जायला निघाल्या होत्या.

म्हणजे ती पुन्हा ठिपकेच मोजत होती. रंग फक्त बदलला होता.

तिने हिरवा सोडून दिला. काहीच न शोधता, डावीकडून उजवीकडे, पुस्तकाची ओळ वाचावी तसं ती सावकाश बघत गेली. खांब. वाळू. विटा. विटा. विटांना टेकलेली, विटांच्याच रंगाच्या ठेवणीतल्या लुगड्यातली एक बाई, आणि तिच्या मांडीशी पितळेची कळशी.

त्या दोन हातांच्या अंतरावरून चारुता आधी एकदा पळत गेली होती.

"दादा! साहेबराव! इकडे!"

द्वारकाबाईंचे ओठ पांढरे पडले होते. डोळे अर्धवट उघडे. चारुताने कळशीवरची चिंधी काढली. कळशी गळ्यापर्यंत भरलेली होती. एक घोटही कमी झाला नव्हता. ती ओंजळ भरायला गेली तर म्हातारीने हात आडवा घातला.

"नगं. आवडीचं हाय त्ये." आवाज कागदासारखा. "येईल आता ती. कामावं गेली आसंल."

"आवडाबाईनेच सांगितलंय, आजी. तिने सांगितलंय, तुम्ही आधी प्या म्हणून."

म्हातारीने तिच्याकडे निरखून बघितलं, खरं की खोटं तोलत असल्यासारखं. मग तोंड उघडलं. फकिराने अंगातला सदरा काढून भिजवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. साहेबराव मातीत बसून तिचे पाय चोळत होता, लहान पोरासारखा रडत होता.

"मला न सांगता कशा निघालात, आजी?" चारुताने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"सांगितलं की तुला." द्वारकाबाईंना नवल वाटलं. "तुझ्या म्होरं उभी ऱ्हायले. म्हनलं, जाऊन येते गं. तू म्हनलीस, एकशे सात."

चारुताने ओंजळ पुन्हा भरली.

"म्हनलं, गडबडीत हाय पोरगी." म्हातारीने हात उचलून तिच्या मोकळ्या खांद्याला लावला. "आन ती निळी वढनी कुठं गेली? सकाळी व्हती की. बरी दिसत हुतीस."

७

दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावलं आणि द्वारकाबाई उठून बसल्या. हवालदार पुन्हा आला, चारुताचं आधीचं म्हणणं खोडून नवीन लिहून घेऊन गेला. "खालच्या मॅडमनी शोधलं," असं सोसायटीत सगळे म्हणत होते. शोधायला चार तास उशीर कोणामुळे झाला, ते कोणी म्हणत नव्हतं. चारुताने मुकुंदरावांना ते स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "असू दे, असू दे. हंड्याचा हिशेब लागला ना?"

साहेबरावाने तिसऱ्या दिवशी कामावर दांडी मारली आणि बायपासवरची बांधकामं एकेक करून पालथी घातली. चौथ्या ठिकाणी आवडाबाई सापडली. दोघी म्हाताऱ्यांना त्याने एकत्रच फुलंब्रीला आपल्या बहिणीकडे पोचवलं. तिच्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं. प्रेरणा जिन्यात भेटली तेव्हा तिने हे सांगितलं. "तिथं बोलायला माणूस आहे त्यांना," ती म्हणाली, आणि रिकामा डबा हातात घेऊन उगाच उभी राहिली.

पुढच्या टँकरला चारुता पुन्हा खुर्चीत बसली. तिने एक नियम मनाशी ठरवला होता. रेघ ओढायच्या आधी दर वेळी मान वर करायची.

जमलं, पण सोपं नव्हतं. विसाव्या हंड्याला एक रेघ राहून गेली, ती फकिराने बोटाने दाखवली. पस्तिसाव्याला रांगेतून कोणीतरी "मॅडम, झोपलात का?" म्हणालं. तरी ती बघत राहिली. वरच्या मास्तरांनी मिशा काढल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची सून गरोदर होती, पाचवा महिना तरी असावा. फकिराच्या कपाळावर जुना व्रण होता. हे सगळं कधीपासून होतं, कोण जाणे.

वर गॅलरीत खुर्ची अजून तशीच तिरकी होती. तिच्यावर वाळत घातलेली चादर होती.

एकशे सातव्या हंड्याला तिने मान वर केली. समोर पद्मजाकाकू होत्या. डोळे सुजलेले होते, रात्रभर जागल्यासारखे.

"काकू, बरं नाही का तुम्हाला?"

काकूंनी ऐकलं नाही. हंडा गळ्याशी आला होता. त्यांची नजर काठावर खिळली होती आणि ओठ हलत होते. "नऊ," त्या पुटपुटल्या, हंडा कमरेवर घेतला आणि फाटकातून आत गेल्या.

चारुताने त्या दिवशी मुद्दाम निळी ओढणी घेतली होती. तिने ती खांद्यावर नीट केली, आणि रेघ ओढली.